मुक्काम पोस्ट कोकण: कर्करोगाच्या नोंदवहीसोबत चिपळूण ते मालवण

शुक्रवार, चिपळूण

शिमग्याच्या आठवड्यात कोकण रेल्वेत बूड टेकायला जागा मिळाली, यापलीकडे गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चिपळूणला उतरलो तर फलाटावर नुसती झुंबड. पिशव्या, खोके, पेंगुळलेली पोरं आणि रिक्षावाल्यांची हाकाटी. अर्धं लालबाग-परळ गावाला उतरत होतं.

मैत्रीण बाहेर तिची जुनी अल्टो घेऊन उभी होती. आम्ही एम.एस्सी.ला एका वर्गात होतो. मी ठाण्यातल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. ती कर्करोग नोंदणीचं काम करते. म्हणजे या पट्ट्यात राहणाऱ्या कुणाला कर्करोग झाला तर तो कुठल्या अवयवाचा, निदान कधी झालं, वय काय आणि माणूस राहतो कुठे, हे शोधून नोंदवहीत आणायचं. माहिती घरबसल्या येत नाही. मुंबई, कोल्हापूर, मिरज, गोवा, जिथे जिथे इथले लोक उपचाराला जातात तिथले कागद पाहायचे, लॅबचे रिपोर्ट चाळायचे, ग्रामपंचायतीतली मृत्यूनोंद तपासायची. मी वर्गात फळ्यावर 'दर लाखामागे' लिहून मोकळा होतो. तो आकडा जमवायला कुणाच्या चपला झिजतात ते एकदा बघ, असं ती बरेच दिवस म्हणत होती.

शिमगाच का, तर चाकरमानी भेटतात म्हणून. एरवी घरात म्हातारी एकटी असते आणि तिला लेकाच्या आजारपणाची तारीख-वार आठवत नाही.

रात्री खानावळीत ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. उसळ इतकी सुरेख होती की पहिली दहा मिनिटं आम्ही कामाचं बोललोच नाही. मग तिनं इतिहास सांगितला. भारतातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी, म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्या सगळ्यांचे रुग्ण मोजणारी, मुंबईत, 1963 साली, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. जस्सावाला यांनी उभी केली. देशपातळीवरचा कार्यक्रम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) 1981 मध्ये हाती घेतला, आणि खेड्यांची पहिली नोंदणी 1987 साली आपल्या बार्शीला सुरू झाली. त्याआधी 'खेड्यात कॅन्सर नसतो' हे बिनधास्त सांगणारे पुष्कळ होते. खेड्यात मोजणाराच नव्हता!

टीप: ओले काजूगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मेनूकार्डावर नसले तरी विचारा. दुपारी तीननंतर छोट्या खानावळीत चूल बंद होते, तेव्हा वेळेत जा.

शनिवार, गुहागरकडे जाताना

सकाळी दाट धुकं आणि नऊ वाजता घामाच्या धारा. मार्चमधलं कोकण असंच. गुहागर रस्त्यावरून आत एका वाडीत गेलो. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

पालखी निघालेली होती. सहाणेवरून उठून घरोघर जाणार, प्रत्येक अंगणात नाचणार, बाया ओटी भरणार, गुरव गाऱ्हाणं घालणार आणि मागून सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणणार. दादर, नालासोपारा, विरार इथून आलेले बनियनवरचे तरुण खांदा द्यायला धडपडत होते. मैत्रीण एका घराच्या पडवीत थांबली. पालखी पुढच्या घरी गेल्यावर तिनं वही काढली.

त्या घरचे काका जिभेच्या कर्करोगानं गेले. गिरणीत नोकरी, लालबागला खोली. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, शेवटी गावी परतले, आणि आठेक महिन्यांत निदान झालं. रेशनकार्ड गावचं, आधारकार्ड मुंबईचं, दहावं-बारावं गावात. नोंदणीचा नियम सांगतो की माणूस ज्या ठिकाणी किमान वर्षभर राहत होता तिथला धरायचा. म्हणजे काका मुंबईच्या खात्यात.

"असं कसं ताई?" पुतण्या म्हणाला. "आमचा मानूस हितलाच. हितंच गेला."

तिनं शांतपणे समजावलं, पण त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धंच पटलं. नियम चुकीचा नाही. मुंबईनंही मोजला आणि रत्नागिरीनंही मोजला तर एकाचे दोन होतील. दोघांनीही सोडला तर शून्य. पण तंबाखू त्यांनी कुठे धरली? गिरणीतल्या पाळीत, जिथे बिडी पेटवायला मनाई म्हणून लोक तंबाखू मळत. नकाशावरचा ठिपका निदानाच्या वेळचा मुक्काम सांगतो. रोगाची मुळं त्याच्या वीस-तीस वर्षं मागे असतात. कोकणात या दोन गोष्टींमध्ये रेल्वेचा अख्खा प्रवास येतो.

छेदाची, म्हणजे ज्या लोकसंख्येनं भागायचं तिची, तऱ्हा त्याहून न्यारी. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, सिंधुदुर्गात 1036. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी झालेली. कर्ती माणसं बाहेर, म्हातारी गावात. कर्करोग वयाबरोबर वाढतो, त्यामुळे अशा ठिकाणी नुसता भागाकार केला तर दर फुगलेला दिसणार. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढतात आणि एका ठरावीक प्रमाण लोकसंख्येवर बसवतात. जगभर वापरतात ती प्रमाण लोकसंख्या जपानच्या सेगी यांनी 1960 मध्ये मांडली आणि नंतर डॉल यांनी सुधारली. माझ्या वर्गात हे प्रकरण आलं की शेवटच्या बाकावर मोबाईल निघतात. त्या पडवीत मात्र समोर बसलेल्या सहा जणांपैकी पाच साठीपुढचे होते. वर्गात उदाहरण आता मी हेच देणार.

निघताना आम्हाला आळीतल्या चौघांनी गाठलं. या एका आळीत काही वर्षांत चार कॅन्सर झालेत, आणि वरच्या अंगाला एमआयडीसीचा नाला आहे. तुम्ही लिहून द्या की नाल्यामुळे झालंय.

अशी मागणी तिला जवळपास प्रत्येक गावात होते. तिनं आधी विचारलं, कुठला कुठला? एक स्तनाचा, एक तोंडाचा, एक गर्भाशयमुखाचा, एक फुप्फुसाचा. चार वेगळे आजार, चारांची कारणं वेगळी. नाल्यातल्या एखाद्या रसायनानं झालं असतं तर बहुधा एकाच प्रकारचा ढीग दिसला असता. भारतात वर्षाला लाखामागे ढोबळमानानं शंभर नव्या रुग्णांची नोंद होते. दीड हजार वस्तीच्या गावात म्हणजे वर्षाला एक-दोन, दहा वर्षांत पंधरा. ते पंधरा गावभर सारख्या अंतरावर विखुरणार नाहीत. लग्नात फेकलेल्या अक्षता सतरंजीवर अशाच पडतात, कुठे चार एकत्र, कुठे मोकळं.

पण तिनं "नाल्याचा संबंध नाही" असंही म्हटलं नाही, आणि हे मला आवडलं. नाल्याचं पाणी तपासायलाच हवं, कारण पाणी घाण असणं ही स्वतःच तक्रार आहे. त्या तक्रारीला कॅन्सरचा आधार लागत नाही. गावाचं नाव गाळलं ते यासाठी. एकदा 'कॅन्सरचं गाव' असा शिक्का बसला की पोरांची लग्नं अडतात.

टीप: पालखीचे फोटो काढण्याआधी मानकऱ्यांना विचारा. अंगणात जाताना चपला काढा. कुणी घावणे-चटणी पुढे केली तर नाही म्हणू नका.

रविवार, गुहागर

व्याडेश्वराचं दर्शन, मग समुद्रावर. किनारा लांबलचक आणि सकाळी जवळजवळ रिकामा. उतरलो होतो ते घर सुपारीच्या वाडीत. मे महिन्यातही गारवा सोडत नाही अशी ती सावली, पाटाचं पाणी, आणि अंगणात वाळत घातलेली सोनेरी सुपारी.

या सुपारीबद्दल लिहिताना मालकीणकाकूंचा चेहरा समोर येतो, पण लिहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योंमधल्या कर्करोग संस्थेनं 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे, टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काकू म्हणाल्या, "आम्ही विकतो, खात नाही." मग जरा थांबून, "पण आमच्याकडे ह्या आहेत ना," असं म्हणून सासूबाईंकडे बोट दाखवलं.

आजी मागच्या दारी बसल्या होत्या. गुडघ्याशी पत्र्याची डबी. झाकण उघडलं तसा जळक्या तंबाखूचा उग्र वास आला. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, ही मशेरी. आजींनी डाव्या तर्जनीवर चिमूटभर घेतली आणि दातांवरून फिरवायला लागल्या, पाच मिनिटं, दहा मिनिटं, नजर विहिरीकडे. बोटाचं पेर कायमचं काळं पडलेलं. चूळ भरून म्हणाल्या, "हे लावल्याशिवाय माझं पोट साफ होत नाही. सून म्हणते व्यसन. व्यसन म्हणजे दारू!"

मैत्रिणीनं वाद घातला नाही. "आजी, तोंड उघडून दाखवता का?" एवढंच. मोबाईलच्या उजेडात गालाची आतली बाजू पाहिली, पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. चट्टा नव्हता. तरी महिन्यानं आशाताईंकडून पुन्हा बघून घ्या, असं सुनेला सांगून ठेवलं.

या डबीवरून अमेरिकेची गोष्ट निघाली. 1975 साली तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं जिल्ह्यांसारख्या छोट्या विभागांनुसार कर्करोगमृत्यूंचे नकाशे छापले. आग्नेयेकडच्या राज्यांत बायकांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचा गडद पट्टा दिसला. शोध घेतल्यावर निघाली तपकीर: तिथल्या बायका ती गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवत. आमच्या आजींची ही सातासमुद्रापारची बहीण. त्याच नकाशात अटलांटिक किनाऱ्याच्या काही भागांत पुरुषांचा फुप्फुसाचा कर्करोग जास्त होता. आधी संशय हवेवर, कारखान्यांवर गेला. उत्तर सापडलं दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीत. त्या काळी गोद्यांमध्ये ॲस्बेस्टॉस हाताळलेले हजारो कामगार तीसेक वर्षांनी आजारी पडत होते.

"आपल्याकडे हे सापडणं कठीण," ती म्हणाली. का, तर मुंबईच्या गोदीत किंवा बोटीवर उभी हयात काढलेला खलाशी निवृत्त होऊन गावी येतो, आणि घरच्यांना धंदा विचारला की उत्तर मिळतं, शेती. आता ती प्रश्न बदलून विचारते: "पंचवीस वर्षांचे असताना काय करायचे?"

टीप: गुहागरात रोख पैसे जवळ ठेवा. वाडीत उतरणार असाल तर डासांची तयारी हवी.

सोमवार, तवसाळ-जयगड आणि रत्नागिरी

तवसाळहून गाडी फेरीबोटीत चढवली आणि जयगडला उतरलो. रस्त्याचा केवढा तरी वळसा वाचतो, शिवाय खाडीचा वारा फुकट. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. सणाच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते.

गणपतीपुळ्याची गर्दी लांबूनच पाहून आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. त्या घाटवळणावर एकही गाडी थांबल्याशिवाय पुढे जात नाही, आम्हीही थांबलो. पुढे काळबादेवीच्या किनाऱ्यावर वाळू काळी पडत जाते. मैत्रिणीनं पर्समधून लोहचुंबक काढलं (हिच्या पर्समध्ये काय नसतं!) आणि वाळूवरून फिरवलं. काळ्या कणांची दाढी उगवली. मॅग्नेटाइट. बाकीचा काळा भाग मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज.

तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपैकी एकानं विचारलं, "ही वाळू रेडिओॲक्टिव्ह आहे ना? यूट्यूबवर होतं." त्याच्या डोक्यात केरळची वाळू होती. कोल्लमजवळ करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट आहे, त्यात थोरियम असतं, आणि तिथली नैसर्गिक किरणोत्सर्गाची पातळी खरोखरच जास्त आहे. म्हणूनच तिथे 1990 मध्ये खास कर्करोग नोंदणी सुरू झाली. सुमारे सत्तर हजार लोकांचा दहा वर्षांहून अधिक पाठपुरावा केला, घराघरात मोजमापं घेतली. 2009 साली निष्कर्ष आला की जास्त किरणोत्सर्गाच्या घरांत राहणाऱ्यांना कर्करोग जास्त होतो असं दिसत नाही. पोरगा जरा हिरमुसला. त्याला थरार हवा होता.

संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीला. एका अंगाला काळा समुद्र, किल्ल्यापलीकडे पांढरा समुद्र. मांडवीच्या धक्क्यावर भेळ खाताना तिनं राष्ट्रीय अहवालातले 2012 ते 2016 चे आकडे सांगितले. पुरुषांमध्ये वय-समायोजित (म्हणजे तोच प्रमाण लोकसंख्येवर बसवलेला) दर सर्वांत जास्त मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात, लाखामागे 269.4, सर्वांत कमी आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव)-बीडमध्ये, 39.5. जवळजवळ सातपट फरक, तोही एकाच देशात. ऐझॉलमध्ये तंबाखू प्रचंड, जठराचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग भरपूर, त्यामुळे तिकडचा डोंगर खरा आहे. पण खालच्या टोकाला बघताना माझ्या मनात शंका राहतेच. जिथे तपासणीच दूर, तिथे निदानाशिवाय गेलेला माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती म्हणाली, म्हणून तर मृत्यूची नोंद आणि निदानाची नोंद एकमेकींशी ताडून बघतात; नुसत्या मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेले रुग्ण फार निघाले तर समजायचं, आपली जाळी फाटकी आहे.

मंगळवार, जैतापूरमार्गे दक्षिणेला

पावस, आडिवरे करत जैतापूरकडे. कातळावर ऊन असं तापलं होतं की गाडीतला एसी लाजला. वाटेत बर्किट साहेबांची कथा झाली. हा आयरिश सर्जन युगांडात होता. मुलांच्या जबड्यात होणारी एक गाठ कुठे आढळते आणि कुठे नाही हे पाहायला 1961 मध्ये दोन सहकाऱ्यांसह तो जुनी स्टेशन वॅगन घेऊन निघाला. सुमारे दहा हजार मैल, वाटेतलं प्रत्येक हॉस्पिटल, आणि खिशात त्या गाठीचे फोटो. नकाशा काढला तर गाठ उष्ण, पावसाळी, मलेरियाच्या पट्ट्यात. उंच थंड भागात नाही. 1964 मध्ये तिच्या पेशींमध्ये एप्स्टाइन-बार विषाणू सापडला. आमच्या अल्टोला त्या वॅगनचा मान द्यायला हरकत नव्हती, निदान खड्ड्यांच्या बाबतीत तरी.

माडबनच्या पठारावर प्रस्तावित अणुप्रकल्पाची जागा. चहाच्या टपरीवर दोन मतं होती आणि दोन्ही मोठ्या आवाजात. मैत्रीण मतात पडली नाही. तिचं म्हणणं एकच, प्रकल्प होवो न होवो, आजची मोजणी नीट हवी, नाहीतर उद्या वाढलं की नाही ते कशाशी ताडणार? इंग्लंडमध्ये सेलाफील्डच्या अणुकेंद्राशेजारी सीस्केल नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. 1983 मध्ये टीव्हीवर बातमी झळकली की तिथे मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त आहे. चौकशी झाली, वाढ खरी निघाली, पण बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गाच्या हिशोबात ती बसेना. लिओ किनलेन यांनी वेगळीच बाजू मांडली: दूरच्या एकट्या गावात बाहेरून एकदम माणसं आली की नवे संसर्ग पसरतात, आणि क्वचित एखाद्या मुलात त्याची परिणती अशी होत असावी. पुन्हा माणसांची ये-जा! टपरीवाला म्हणाला, "म्हणजे आमच्याकडं शिमग्याला येतात तशी?" तशी नाही, पण प्रश्न बरोबर होता.

टीप: या रस्त्यावर पेट्रोलपंप विरळ आहेत, रत्नागिरीतच टाकी भरा. पाणी जास्त घ्या.

बुधवार, मालवण

देवगडला हापूसच्या पहिल्या पेट्या भरत होत्या. भाव ऐकून आम्ही नुसता वास घेतला. मालवणात बंदराजवळच्या घरी जेवण: सुरमई, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि कोळंबीचं सुकं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं तिखलं, यावर चर्चा नको.

दारात बोंबील आणि बांगडे वाळत होते. जेवू घालणाऱ्या वहिनींनी विचारलं, "सुक्या मासळीन कॅन्सर होता म्हणतत, खरा काय?" हे दक्षिण चीनवरून आलेलं. तिथली खारवलेली मासळी आधी जरा कुजू देऊन मग वाळवतात आणि दूध तोडताना लहान मुलांनाही भरवतात. तिचा नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध आहे. त्या भागात तो आजार जास्त आहे, आपल्याकडे नागालँडमध्येही. मालवणच्या उन्हात कडक वाळलेला बोंबील ही निराळी वस्तू. वहिनींना बरं वाटलं. भाऊजींना मात्र तिनं सोडलं नाही, त्यांच्या खिशातल्या पुडीकडे बघून म्हणाली, "मासळीपेक्षा ती बाजूला ठेवा."

भाऊजींचा प्रश्न वेगळाच होता. "आमचो बापूस गोव्याक जावन तपासून इलो. मगे तेची नोंद खय होतली? गोव्यात काय हय?"

"राहायचे कुठे?"

"हयच. जन्म हयच गेलो."

"मग इथेच," ती म्हणाली आणि वही उघडली. नाव, वय, कधी तपासलं, कुठला अवयव. धंदा, मासेमारी. "आणि पंचवीस वर्षांचे असताना?" भाऊजी आत आईला विचारायला गेले. ती आतूनच ओरडली की लग्नानंतर पाच वर्षं ते मुंबईला गोदीत होते, ससून डॉकात नव्हे, बोटी दुरुस्त करायच्या तिथे. भाऊजींना हे माहीतच नव्हतं. मैत्रिणीनं शेजारच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहून घेतलं.

मालवणहून परतीला कुडाळ स्टेशन जवळ पडतं. बंदरावरून रिक्षा मिळते, पण रात्रीच्या गाडीसाठी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर रिक्षावाला सांगेल तो भाव. शिमग्यानंतरच्या रविवारी मुंबईच्या गाड्यांत तिकीट मिळणं अशक्य, म्हणून मी गुरुवारी सकाळी निघालो. मैत्रीण मागेच राहिली. तिला वेंगुर्ल्याच्या दोन ग्रामपंचायतींची मृत्यूनोंद बघायची होती आणि ग्रामसेवक अकराच्या आत भेटतील असा निरोप आला होता.